बुडालेली नाव

मेसेज आला तेव्हा सुमंत पावगी काशीतल्या बँकेच्या काउंटरवर एका पेन्शनर आजींना ‘सर्व्हर डाउन’ म्हणजे काय, ते चौथ्यांदा समजावत होते. मेसेज सईचा होता, त्यांच्या अकरा वर्षांच्या मुलीचा. ‘बाबा, अखेर मी वाचली. नाव बुडाली. म्हातारा नावाडी गेला. मी घाटावर बसून खूप रडले.’

सुमंतांनी सईला फोन लावला तर बंद. बायको मृणालिनी माहेरी, पुण्याला. तिला ते एवढंच सांगू शकले, “गंगेत नाव बुडाली. सई वाचली म्हणतेय. मी निघालोय.” पलीकडून किंकाळी आली आणि तेवढ्यात रेंज गेली. आजी, सर्व्हर आणि मॅनेजर, तिघांनाही वाऱ्यावर सोडून सुमंत बाहेर पडले.

चूक आपलीच, हे त्यांना मैदागिन चौकाच्या गर्दीत स्कूटर अडकली तेव्हाच पटलं. गेल्या महिन्यात पुण्याच्या एका लग्नात सई पंगतीत म्हणाली होती, “मला किताब पढायला फार आवडतं,” आणि अख्खी पंगत खो खो हसली होती. त्या दिवसापासून पोरीने पुस्तकाला हात लावला नव्हता. ती आता जन्मभर पुस्तकाला शिवणार नाही, या धास्तीने सुमंतांनी एक जाडजूड मराठी कादंबरी आणून तिच्या हातात कोंबली आणि फर्मान सोडलं, “घरात टीव्ही आहे. घाटावर जाऊन बस. संपली की मला कळव.” ते फर्मान आठवून त्यांना स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटत होती, पण दोन्ही हात हँडलवर होते.

गल्लीच्या तोंडाशी स्कूटर टाकून ते पळत सुटले. दुर्गाघाटाच्या वळणावर शेजारचे शरदकाका भेटले. वेदपाठी, वयाने सत्तरीचे, चौकशीच्या बाबतीत विशीचे.

“का रे पळतोयस?”

“नाव बुडाली काका! सई होती तिच्यात!”

“अरे देवा! आणखी कोण होतं?”

“नावाडी गेला. बाकीचं काही ठाऊक नाही!”

काकांनी ते पानवाल्याला सांगितलं, पानवाल्याने दूधवाल्याला. सुमंत धापा टाकत ब्रह्माघाटावर उतरले, तोवर बातमी त्यांच्या आधी पोचली होती आणि वाटेत त्या नावेत वीस प्रवासी बसले होते. दोन होड्या बांबूने तळ चाचपत होत्या. घाटावरचा होडीवाला श्रीराम मल्लाह कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून ओरडत होता, “अरे कवन नाव डूबल हौ? हमन क कुल नाव त एहीं बन्हल हौ!” त्याच्या हिशेबाने एकही नाव कमी नव्हती.

आणि वरच्या पायरीवर सई बसली होती. कपडे कोरडे ठणठणीत, डोळे मात्र रडून लाल.

सुमंतांनी तिला इतकं घट्ट धरलं की ती गुदमरली. “लागलं का कुठं? पाणी गेलं का नाकातोंडात?”

“कुठलं पाणी? बाबा, कोण बुडालंय? मघापासून सगळे शोधतायत.”

“अगं, तुझी नाव! तूच तर लिहिलंस!”

“ती?” सईने मांडीवरचं पुस्तक वर केलं. “ती तर हिच्यातली! मी कादंबरी वाचली, असं लिहिलं मी. ‘पढली’ लिहिलं असतं तर परत सगळे हसले असते. मग बॅटरी संपली.”

सुमंतांनी मेसेज पुन्हा उघडून पाहिला. पाच पिढ्या काशीत काढलेल्या पावगींच्या घरात पुस्तक पढतात. वाचतात ते तापातून, नाहीतर अपघातातून. पोरीने आयुष्यात पहिल्यांदा शुद्ध मराठी लिहिली आणि ती बापालाच कळली नाही.

श्रीराम निथळत वर आला. त्याच्यामागे चाळीसेक माणसं गोळा झाली आणि एकाच्याही चेहऱ्यावर हसू नव्हतं.

“किताब वाली नाव रहल, बाबूजी?”

“हाँ भैया. गलती हो गई.”

“त बतावा,” श्रीरामने बांबू पायरीवर आपटला, “डूबल काहे?”

सुमंतांनी पुस्तकाच्या मुखपृष्ठाकडे पाहिलं. सगळा घाट उत्तराची वाट बघत होता. “वो... तूफान आया होगा.”

“तुफान नव्हतं, बाबा,” सई हळूच म्हणाली. “तुम्ही पढली नाही?”

“नाही गं. शाळा सुटल्यापासून मी एकही पुस्तक पूर्ण केलेलं नाही.” हे त्यांनी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता ही हसणार, म्हणून त्यांनी मान खाली घातली.

सई हसली नाही. पंगतीतलं हसणं कसं लागतं, ते तिला चांगलं माहीत होतं. तिने पुस्तकाचं पहिलं पान उघडलं आणि सरकून बापाला जागा केली. “बसा. श्रीराम चाचा, आप भी बैठिए। पहले मराठी में, फिर हिंदी में बताऊँगी।”

बांबू आडवे पडले, माणसं बसली. दुसऱ्याच पानावर श्रीरामने नाव बांधण्याच्या रीतीवर हरकत घेतली, “अइसे नाव ना बन्हाला!” सईने “चाचा, चुप!” म्हणून त्याला गप्प केलं. सुमंत गुडघ्यांवर कोपर टेकून ऐकत राहिले. बँक, मॅनेजर, सगळं ते विसरून गेले. म्हाताऱ्या नावाड्याने नुकताच दोर सोडला होता, तेवढ्यात फोन वाजला.

मृणालिनी होती. रडून रडून तिचा आवाज बसला होता. “अहो, कधीची फोन लावतेय! सांगा ना, सई वाचली ना?”

सुमंतांचे डोळे पुस्तकावर होते.

“वाचतेय अजून,” ते कुजबुजले आणि त्यांनी फोन बंद करून टाकला.