फिलोमिना आंटींचा संशय

फिलोमिना आंटी स्वतःच्या घरात शिरण्याआधी स्वतःच बेल वाजवायच्या. घरात कोणी नाही हे पक्कं ठाऊक असताना. बेल वाजवून मिनिटभर थांबायच्या आणि मग किल्ली लावायच्या. मी कारण विचारलं, तर म्हणाल्या, "आत चोर असला तर त्याला जायला वेळ नको? समोरासमोर आला की घाबरतो, आणि घाबरलेला माणूस मारतो."

"पण आंटी, सातव्या मजल्यावरून तो जाणार कुठे?"

"ते त्याने बघायचं."

दोन हजार नऊच्या सप्टेंबरात मी नाशिकहून दुबईला कॉलेजसाठी आले आणि सिलिकॉन ओएसिस या वस्तीतल्या त्यांच्या फ्लॅटमधली एक खोली भाड्याने घेतली. आंटी वसईच्या, पंचावन्नच्या पुढच्या, एका मोठ्या हॉटेलात हाउसकीपिंग सुपरवायझर. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. आयुष्यभर लोकांच्या पलंगांखाली वाकून बघितल्यामुळे त्यांचा वरवरच्या कशावरही विश्वास उरला नव्हता. "मला वेगळाच वास येतो बाय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दह्याच्या एका डब्यावर दुसरा फुकट मिळाला, की वेगळा वास. शेजारणीने आपणहून गुड मॉर्निंग म्हटलं, की वेगळा वास. टीव्हीवर तापमान चव्वेचाळीस सांगितलं तर म्हणायच्या, "पन्नास असणार. पन्नास सांगितलं तर उन्हातली कामं बंद करावी लागतील ना."

त्या वर्षी शहरही संशय घेण्यासारखंच होतं. मंदीमुळे अर्ध्या राहिलेल्या इमारतींवर क्रेन नुसत्या उभ्या होत्या. आमच्या वर्गातली दोन मुलं दिवाळीनंतर दिसली नाहीत. वडिलांची नोकरी गेली, घर आवरलं, खलास. कोणाचा निरोप नाही, काही नाही.

आणि मग मलाच आंटींचा संशय येऊ लागला. माझी रिकामी सुटकेस कपाटावर असायची. सकाळी तिचं हँडल भिंतीकडे, संध्याकाळी माझ्याकडे. एकदा मी तिच्यावर टाल्कम पावडर भुरभुरून गेले. परत येऊन पाहिलं तर चार बोटांचे ठसे. त्या दिवसापासून मी कपाटाला कुलूप लावू लागले.

पुढच्या जुलैत शहराचा उन्हाळी उत्सव आला. एका रात्री मॉल पहाटेपर्यंत उघडे, नाचगाणी, बक्षिसं, सगळं. कॉलेजातल्या मैत्रिणी निघाल्या, मीही निघाले.

"रात्रभर दुकानं उघडी ठेवतात, म्हणजे दिवसा कोणी येत नाही," आंटी म्हणाल्या. "मी पण येते."

त्या आल्या. टॅक्सीचा नंबर तळहातावर लिहिला, पाणी घरून आणलं आणि मॉलमध्ये शिरताच बाहेर पडायचे दरवाजे मोजले. छतावरून खोटा बर्फ पडत होता. सगळे हात पसरून नाचत होते. आंटींनी थोडा बोटावर घेऊन चाखला. "साबण," त्या म्हणाल्या, आणि शेजारच्या तीन अनोळखी बायांनाही हिंदीत सावध करून आल्या.

दोनच्या सुमाराला एका स्टेजपाशी ढोल सुरू झाले. गर्दीत आंटींच्या हातातून माझा हात सुटला. मैत्रिणींबरोबर मी नाचत राहिले, फोन कधी बंद पडला ते कळलंच नाही. तासाभराने ढोल थांबले आणि स्पीकरवर माझं नाव आलं. निळा कुर्ता, उंची मध्यम, नाव केतकी, हरवलेल्या लहान मुलांच्या काउंटरवर यावं. मैत्रिणी हसून हसून खाली बसल्या.

काउंटरवर पाच-सहा रडकी पोरं बसली होती आणि त्यांच्यात आंटी, पर्स पोटाशी धरून. मी त्यांना बाहेर घेऊन आले. टॅक्सीच्या रांगेत गरम, ओलसर वारा होता. तिथे माझा तोल गेला.

"मी वीस वर्षांची आहे आंटी. हरवीन कशी? आणि माझ्या सुटकेसमध्ये तुम्ही काय शोधता तेही आजच सांगा."

"शोधत नाही. उचलून बघते," त्या म्हणाल्या. "हलकी लागली की ड्यूटीवर जाते."

मला काहीच कळलं नाही. रांग पुढे सरकत होती आणि आंटी समोर बघत बोलत होत्या. माझ्या खोलीत आधी एक सावंत कुटुंब राहायचं. नवराबायको आणि मुलगी. मुलगी तिथेच जन्मली, आंटींच्या अंगाखांद्यावर सहा वर्षांची झाली. सावंतांची नोकरी गेली. एका सकाळी आंटी नाइट ड्यूटीवरून आल्या तर खोली रिकामी. वॉशिंग मशीनमध्ये पोरीचे ओले फ्रॉक तेवढे राहिलेले.

"मी वाळत घातले," आंटी म्हणाल्या. "इस्त्री पण केली. पत्ता नव्हता पाठवायला."

"फोन नाही आला?"

"लाज वाटत असेल त्यांना. मी रागावले नाही. पण मला कळायला पाहिजे होतं ना बाय. मला सगळ्याचा वास येतो, आणि ह्याचाच नाही आला."

मी त्यांची पर्स माझ्या हातात घेतली. घरी आल्यावर कपाटाचं कुलूप काढून टाकलं.

कोर्स संपायला दोन महिने होते तेव्हाच मी निघायची तारीख सांगितली. आंटींनी तिकीट मागून घेतलं, उजेडात धरून नीट वाचलं आणि ड्यूटी बदलून घेतली. विमानतळावर त्यांना आत येता येईना, म्हणून काचेबाहेर उभ्या राहिल्या. मी हाताने जा म्हणाले. त्या हलल्या नाहीत. मी आत वळले तसा फोन वाजला.

"आता दिसत नाहीस," आंटी म्हणाल्या. "आहेस ना?"

"आहे आंटी."

बोर्डिंग सुरू होईपर्यंत तो फोन आम्ही ठेवला नाही. मधेमधे त्या विचारायच्या आणि मी आहे म्हणायचे.