शेवटच्या नागरिकाची खुर्ची

सभागृहात शांतता होती, आणि ती मीच लिहिली होती.

ताईच्या भाषणात, "तुम्हाला काय हवं आहे, ते तुम्हीच सांगा," या वाक्यापुढे मी सूचना दिली होती : दीर्घ विराम. वाचकहो, मला त्या विरामाचा गर्व होता. बाकीचे उमेदवार ओरडतात. आमची उमेदवार ऐकेल! जिल्हा परिषदेचा कारभार जबाबदार आणि सर्वांना सामावून घेणारा असावा, या एका स्वप्नासाठी ताईने परिचारिकेची कायमची नोकरी सोडली होती. हरली, तर परतायला जागा नव्हती. आणि त्या स्वप्नाला शब्द देण्याचं काम तिने मराठीत एम.ए. होऊन कवितेपलीकडे कुठेच न चिकटलेल्या धाकट्या भावावर सोपवलं होतं.

व्यासपीठाच्या मधोमध मी एक रिकामी खुर्ची ठेवली होती. ज्याचं कुणीच ऐकत नाही, त्या शेवटच्या नागरिकासाठी. तिच्यावर पांढरं कापड, पायाशी मंद दिवा.

"खुर्ची कुणाची, ते सांगायचं का रे लोकांना?" ताईने विचारलं होतं.

"प्रतीक समजावून सांगायचं नसतं, ताई."

शांतता लांबली. आधी ती तळ्यासारखी होती, मग विहिरीसारखी झाली. कुणीच काही मागेना.

पहिल्या रांगेतल्या निवृत्त पोस्टमास्तरांनी खुर्चीकडे पाहिलं, दिव्याकडे पाहिलं, आणि ते सावकाश उठून मान खाली घालून उभे राहिले. प्रतीक पोहोचलं, असं मला वाटलं. शेजारचा शिंपी उभा राहिला. मग ती रांग. मग अख्खं सभागृह.

"कोण गेलं हो?" मागे कुजबुज झाली.

"आबा वाटतं. मधली खुर्ची त्यांचीच असते ना."

आबा म्हणजे विद्यमान सदस्य आणि ताईचे प्रतिस्पर्धी.

"अहो, काल तर धडधाकट होते."

"धडधाकट माणसंच अशी पटकन जातात."

ताईने घाबरून माझ्याकडे पाहिलं. मी डोळ्यांनीच खुणावलं : थांब, विराम चालू आहे. ती कुजबुज माझ्यापर्यंत आली, तोवर औषधांच्या दुकानाची मालकीण फोनवर हुंदके देत होती, "वहिनी, धीर धरा." पलीकडे आबांची बायको होती. आबा तिच्यासमोर बसून जेवत होते.

मी व्यासपीठावर धावलो. "मंडळी, कुणीही गेलेलं नाही. ही खुर्ची उपेक्षितांची..."

"शू," पोस्टमास्तर म्हणाले. "जरा भान ठेवा. निवडणुका काय, होतच राहतात."

आबांचं घर रस्त्याच्या पलीकडेच. ते खरकट्या हाताने सभागृहाच्या दारात येऊन उभे राहिले आणि आत जो आनंद उसळला, तसा ताईच्या वाट्याला एकाही सभेत आला नव्हता. पोस्टमास्तरांनी त्यांना मिठी मारली. शिंपी डोळे पुसत म्हणाला, "आबा, एरवी आम्ही तुम्हाला काय काय बोलायचो. पण गेलात म्हटल्यावर सगळं चांगलंच आठवलं बघा."

आबा विरघळले. व्यासपीठावर चढले, शेवटच्या नागरिकाच्या खुर्चीत बसले आणि त्याच्याच कापडाला त्यांनी हात पुसला.

"आता सांगा," ते म्हणाले, "मला मारलं कुणी?"

पुन्हा शांतता. ही मी लिहिलेली नव्हती. मी खांबाकडे सरकलो. खांब फारच बारीक निघाला.

ताई पुढे आली. हातातला कागद तिने घडी करून पर्समध्ये टाकला.

"माझ्या सभेत झालं, तेव्हा जबाबदारी माझी. चुकलं, आबा. वहिनींची माफी मी घरी येऊन मागेन." मग ती लोकांकडे वळली. "आणि मंडळी, निवडून आले किंवा नाही आले, तरी माझ्याकडे आलेला एकही प्रश्न उत्तराशिवाय परत जाणार नाही. हा माझा शब्द."

पोस्टमास्तरांनी त्या संध्याकाळी प्रथमच तिच्याकडे नीट पाहिलं. शिंप्याने टाळी वाजवली. मग आणखी काहींनी. किती मतं गेली आणि किती आली, याचा अंदाज मला लागेना.

सभागृह रिकामं झालं. मी कापडाची घडी घालत होतो. डाग आत जाईल अशी.

"ताई," मी हळूच विचारलं, "पुढच्या सभेचं भाषण मीच लिहायचं ना?"

ताईने दिवा विझवला, माझ्या हातात दिला आणि ती पायऱ्या उतरून निघून गेली.