पाणी फिरवून बसणारा मुकुंद

लोकांच्या मेहनतीवर शेवटी पाणी फिरतं. मुकुंद दांडेकर मेहनतीला बसण्याआधीच ते फिरवायचा. तळहातावर पाणी घ्यायचं, लॅपटॉपभोवती टेबलावर गोल धार सोडायची, क्षणभर डोळे मिटायचे आणि मगच लॅपटॉप उघडायचा. वाईला त्याचे बाबा जेवायला बसताना ताटाभोवती फिरवतात, अगदी तस्संच.

"ताटाभोवती पाणी फिरवलं की माणूस मधेच उठत नाही. कामाचंही तसंच पाहिजे," हे त्याचं तत्त्वज्ञान. एकदा बसला की फोन नाही, चहा नाही, दारावरची बेलसुद्धा नाही.

युट्रेख्ट या डच शहरात आमची दारं समोरासमोर. मी आइंडहोवनच्या एका कंपनीचं काम जेवणाच्या टेबलावरून करत होते, आणि हा विद्यापीठात कालव्यांच्या गाळावर संशोधन करायचा. लॉकडाऊन लागलं आणि त्याची प्रयोगशाळा घरच्या खिडकीत आली. गढूळ पाण्याच्या बरण्या तिथे ओळीने मांडलेल्या असत, आणि तो गाळ बसण्याची वाट बघत असे. मी एखादी उचलायला गेले की ओरडायचा, "ढवळू नकोस! सावकाश होऊ द्या!"

हे 'सावकाश होऊ द्या' म्हणजे पंगतीत यजमान म्हणतो ते. मुकुंदने ते जगातल्या यच्चयावत गोष्टींना लावलं होतं. कुकरच्या शिट्टीला, माझ्या डेडलाइनला, त्याच्या डच प्राध्यापकालासुद्धा. प्राध्यापक शोधनिबंधाची घाई करू लागले की हा आधी मराठीत 'सावकाश होऊ द्या' म्हणायचा आणि मग इंग्रजीत माफी मागायचा.

घरी बसून लोकांचं लक्ष लागेना, म्हणून विद्यापीठाने माइंडफुलनेसची ऑनलाइन कार्यशाळा घेतली. त्यात एक बेदाणा हातात घेऊन आधी निरखायचा, मग हुंगायचा, मग हळूहळू चावायचा. मुकुंद भयंकर चिडला. "अगं, बेदाणा काय बघायचा? मुलगी दाखवायला आणलीय का? आमच्याकडे अख्खं जेवण लक्ष देऊन जेवतात, आणि त्याची कार्यशाळा घेत नाहीत!"

अर्थात या व्रताची किंमत होती. एकदा धार चुकली आणि पाणी थेट कीबोर्डात. विद्यापीठाच्या दुरुस्तीवाल्याने विचारलं, "कॉफी सांडली का?" याने खरं ते सगळं सविस्तर सांगितलं. त्या बिचाऱ्याने शेवटी कॉफीच लिहून घेतली. शिवाय हा दार उघडत नसल्यामुळे त्याची पार्सलं माझ्याकडे यायची. त्या सोयीसाठी त्याने आपली एक किल्लीही मला देऊन टाकली होती.

त्यातही साडेचारची बैठक सगळ्यांत कडक. तेव्हा म्हणे सर्वांत महत्त्वाचं काम. काय ते कधी सांगितलं नाही. पठ्ठ्या आता मोठा शोध लावणार, असं मी धरून चालले होते.

एका दुपारी माझी मिरच्यांची फोडणी करपली आणि अख्ख्या मजल्याचे स्मोक अलार्म कोकलायला लागले. शेजारीपाजारी खाली सायकलींपाशी दीड-दीड मीटर अंतर राखून उभे राहिले. मुकुंदचा पत्ता नाही. घड्याळ बघितलं तर पावणेपाच! म्हणजे स्वारी पाणी फिरवून बसलेली. आग नाही हे मला ठाऊक होतं, त्याला कुठे ठाऊक होतं? खरंच लागली असती तर? मी तणतणत वर गेले आणि त्याच्या दाराला किल्ली लावली.

टेबलावर लॅपटॉप होता आणि त्याच्यापुढे ताट. वरणभात, लिंबाची फोड. दोन्हींभोवती मिळून पाण्याचं एकच वर्तुळ. पडद्यावर बनियन घातलेले एक म्हातारे गृहस्थ स्वयंपाकघरात पाटावर बसून जेवत होते.

"आग कुठे आहे?" मुकुंदने जागेवरूनच विचारलं.

"माझ्या कढईत. विझली."

"मग थांब जरा. बाबांचा ताकभात व्हायचाय."

"कोण आलंय रे?" पडद्यातून आवाज आला.

"समोरची मीनल, बाबा."

"मग तिचं पान वाढ की! उभी काय ठेवतोस?"

दुपारी पावणेपाचला, म्हणजे वाईच्या रात्रीच्या सव्वाआठला, मास्क हनुवटीवर ओढून, दीड मीटरवर मी वरणभात खायला बसले. मुकुंदने लॅपटॉपचा माइक बंद केला.

"दिवाळीत आई गेली ना, तेव्हापासून एकटे बसले की दोन घास खाऊन उठतात. स्वयंपाकाच्या मावशी करून ठेवतात ते तसंच राहतं. समोर कुणी जेवत असलं की जेवतात. पण मी उठलो की तेही उठतात. विमानं बंद आहेत, नाहीतर इथे कशाला बसलो असतो?"

"आणि खरंच आग लागली असती तर?"

"तर लॅपटॉप घेऊन खाली आलो असतो. ताटासकट."

त्याने माइक सुरू केला. "सावकाश होऊ द्या, बाबा."

इतके दिवस मी ज्याची टिंगल करत होते तेच वाक्य.

बाबांचा ताकभात झाला. ते गुडघ्यावर हात टेकून उठले, फोन मात्र तांब्याला टेकवलेला तसाच राहिला. पडद्यावर नुसता रिकामा पाट दिसत होता. मुकुंदचा हात वाळून कोरडा झाला तरी तो बसूनच.

"आता तरी ऊठ," मी म्हटलं.

त्याने ओठांवर बोट ठेवलं. तिकडे वाईला नळ सुरू झाला. ताट घासल्याचा, विसळल्याचा, मग फळीवर उपडं ठेवल्याचा आवाज आला. शेवटी बाबांनी दिवा मालवला आणि पडदा काळा झाला.

"झालं त्यांचं," मुकुंद म्हणाला, आणि तेव्हा कुठे तो ताटावरून उठला.