मुनीर उस्तादांची ट्रायल

गाडीच्या इंजिनातून ठकठक आवाज यायला लागला, तेव्हा मी केलेला पहिला इलाज म्हणजे टेप मोठा केला. काही दिवस हा इलाज उत्तम चालला. मग एकदा चढावर, दोन गाण्यांच्या मधल्या शांततेत, आमच्या हिला तो आवाज ऐकू आला आणि माझी मेकॅनिकगिरी तिथंच संपली.

"गाडी उस्तादांना दाखवा," ही म्हणाली.

मुनीर उस्तादांचं गॅरेज नांदेडात आमच्या मागच्याच गल्लीत. माणूस किडकिडीत, दाढी मेंदीनं लाल, आणि हातात कायम एक हातभर लांब स्क्रू-ड्रायव्हर. त्याचं टोक चालू इंजिनाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. अशा वेळी गिऱ्हाईक नुसतं खोकलं तरी उस्ताद ओरडत, "खामोश! गाडी बयान देऊन राहिली!"

बयान संपलं की निकाल. माझ्या गाडीचा पहिला निकाल टॅपेटच्या विरोधात गेला. टॅपेट नीट बसवले, आवाज तसाच. मग संशय बेअरिंगवर. प्लगच्या वायरी एकेक काढून पाहिल्या, बेअरिंग निर्दोष सुटलं. पण चूक कबूल करणं उस्तादांच्या धंद्यात बसत नव्हतं.

"साहेब, गाडी खोटं बोलून राहिली. तुमच्या सोबतीनं बिघडली."

त्या दिवसांत उस्तादांच्या घरातही एक खटला चालू होता. त्यांची एकुलती एक लेक रिजवाना आमची ही शिकवायची त्या शाळेतली. आई लहानपणीच गेलेली, बापानंच वाढवलेली. दहावीला इतके मार्क की लातूरच्या कॉलेजात सहज नंबर लागला. तेव्हा सगळ्या मराठवाड्यातली हुशार पोरं पत्र्याच्या पेट्या घेऊन लातूरला चालली होती. उस्तादांचा एकच शब्द, न्हाई.

कारण आम्हाला ठाऊक होतं. लातूरकडच्या भूकंपानंतर ते मदतीचा ट्रक घेऊन तिकडच्या गावांत गेले होते. तिथं काय पाहिलं ते कुणाला सांगितलं नाही. परत आल्यापासून मात्र ते छताखाली झोपेनासे झाले. थंडी असो, डास असोत, खाट अंगणात.

"पोरगी हुशार हाय, हाव बाई," ते हिला म्हणत. "पण तिथं तिच्या डोक्यावर स्लॅब ऱ्हाणार. मला हितं झोप लागंल का?"

प्रवेशाची मुदत संपत आली. रिजवाना घरात कुणाशी बोलेना. त्यातच एका संध्याकाळी उस्तादांनी जाहीर केलं, "हा आवाज गावात सापडणार न्हाई. लांब ट्रायल पाहिजे."

"मग लातूरलाच चला," ही लगेच म्हणाली. "रिजवानालाही घेऊ. तिथली राहायची खोली नुसती बघून येऊ."

उस्ताद बराच वेळ स्क्रू-ड्रायव्हर पुसत राहिले. मग म्हणाले, "ट्रायल म्हणून येतो."

लोह्याच्या पुढं चढ लागला आणि गाडी ठोकायला लागली. उस्तादांनी गाडी बाजूला घेतली, बॉनेट उघडलं, कान लावला. आणि एकदम चेहरा उजळला.

"टायमिंग! ठिणगी वेळेच्या आधी पडून राहिली, म्हणून चढावर ठोकती. कुण्या गाढवानं हात लावला याला?"

"उस्ताद, मागच्या सर्व्हिसिंगला तुम्हीच."

उस्तादांनी दूरवरच्या टेकडीकडं पाहिलं. "तवा हवा येगळी व्हती," ते म्हणाले, आणि पाना फिरवून टायमिंग मागं घेतलं. पुढचा चढ गाडीनं आवाज न करता काढला.

लातूरला मुलींच्या खोल्या असलेली इमारत तीन मजली. उस्ताद आत गेलेच नाहीत. पोर्चमध्येच थांबले, खांबाला स्क्रू-ड्रायव्हर टेकवला आणि मूठ कानाला लावली. जिन्यावरच्या पोरी तोंडावर ओढण्या धरून हसायला लागल्या. रिजवानाला कुठं लपावं कळेना. घरमालकीणबाई बाहेर आल्या.

"अहो चाचा, खांबाला काय झालं?"

"खामोश! बयान चालू हाय!"

बाईंनी घाबरून तोंडावर हात ठेवला. रस्त्यावरून एक भरलेला ट्रक धडधडत गेला. उस्तादांचे डोळे मिटलेले, कपाळावर घाम. मग दुसरा खांब, तिसरा, जिन्याखालची भिंत. हळूहळू पोरींचं हसू थांबलं. पोर्चमध्ये सगळेच श्वास धरून उभे होतो.

शेवटी ते पायरीवर बसले. रिजवाना जवळ गेली.

"अब्बा, क्या बोला?"

"कुछ नै बोला, बेटा." त्यांनी तिच्या डोक्यावर तेलकट हात ठेवला. "कुछ बी नै बोला."

मग घरमालकीणबाईंकडं वळून म्हणाले, "खालच्या मजल्यावर जागा मिळंल? खाट दरवाज्यापाशी पाहिजे."

मिळाली. निघताना उस्तादांनी लेकीला कडक शब्दांत बजावलं, "मी सारखा येणार न्हाई. अभ्यासात खलल नको. आता ईदलाच." ती हसली. उस्ताद लगेच बॉनेट उघडून उगाचच पाणी बघायला लागले.

परतीच्या वाटेवर इंजिनाचा आवाज नव्हता, उस्तादांचाही नव्हता.

पुढच्या रविवारी सकाळी मी पेपर वाचत होतो. फाटकाशी उस्ताद उभे. धुतलेला सदरा, डोळ्यांत सुरमा, हातात कापडात बांधलेला डबा.

"साहेब, गाडी कशी हाय? आवाज येतो का?"

"अजिबात नाही!" मी खुशीत म्हणालो. "उत्तम काम केलंत."

"न्हाई?" ते डबा या हातातून त्या हातात घेत म्हणाले. "चढावर पण न्हाई?"

"चढावरसुद्धा नाही."

"मंग बरं हाय," म्हणून ते वळले. तेवढ्यात ही पदराला हात पुसत बाहेर आली. आधी तिनं माझ्याकडं पाहिलं, ते लिहिण्यासारखं नाही. मग गाडीची किल्ली उस्तादांपुढं धरली.

"येतो की हो, उस्ताद. लातूरच्या वाटेवर, चाकूरच्या पुढं गेलं की येतो. यांना काही ऐकू येत नाही."