सतरा नंबरच्या कपाचा रंग

वापरल्याने वस्तू झिजते आणि न विचारल्याने माणूस झिजतो, हे सर्वमान्य आहे. यांपैकी वस्तू वाचवणं जास्त निकडीचं, असं निवृत्त ग्रंथपाल काकांचं मत होतं.

काकांकडे जपानी पद्धतीने हाताने घडवलेले चिनी मातीचे एक्केचाळीस कप होते. प्रत्येक कप स्वतंत्र लाकडी पेटीत, पेटीवर कुंभाराची सही. (पेटीवर सही नसेल तर आतला कप हा नुसता कप असतो.) नियम मोजकेच: अंगठ्या काढणे, जमिनीवर बसणे, कप दोन्ही हातांनी धरणे, शिंक येणार असल्यास आगाऊ कळवणे. त्यातून चहा पिण्याबद्दल नियम नव्हता. असलं काही कुणाला सुचेल, हेच काकांना सुचलं नव्हतं. घरातला चहा स्टीलच्या पेल्यांतून व्हायचा.

काकूंना ते दोन वर्षांपूर्वी सुचलं. काका दुपारी घोरू लागले की त्या सतरा नंबरची पेटी उघडत, फिकट हिरवा कप काढत आणि खिडकीशी बसून निवांत चहा पीत. दिवसातली तेवढीच वीस मिनिटं त्यांची स्वतःची होती. मग कप विसळून, पुसून जागच्या जागी. चोरी म्हणावी, तर वस्तू घरातच होती.

एके दिवशी संग्राहक मंडळाचे तज्ज्ञ पाहणीला आले. भिंग फिरवता फिरवता ते सतराव्या कपापाशी थबकले. झिलईतल्या केसाएवढ्या तड्यांत तपकिरी रेषा उमटल्या होत्या.

"वा! हा रंग मुरायला वर्षानुवर्षं चहा प्यावा लागतो," तज्ज्ञ म्हणाले. "कोण पितं यातून?"

"मीच पिते मेली," काकू म्हणाल्या. "दुपारी. साखर जरा जास्त."

काका रागावले नाहीत. त्यांनी काकूंची रीतसर नेमणूक केली. भिंतीवर तक्ता लागला: रोज सहा कप, आळीपाळीने, साखर सतराप्रमाणे. चौथ्या दिवशी काकूंची झोप उडाली, अकराव्या दिवशी पित्त खवळलं. (रंगातील प्रगती: नगण्य.)

"अहो, निदान सतरा नंबर तरी मला खिडकीशी नेऊ द्या," काकूंनी विनवलं.

"खिडकीत ऊन येतं," काका म्हणाले. "रंग बिघडेल."

"मग घाला चुलीत तुमचा रंग!" असं म्हणून काकू दुपारी शेजारणीकडे चहाला जाऊ लागल्या. शेजारीण त्यांना कान उडालेल्या कपात चहा देते. चांगले कप तिच्याकडेही आहेत, पण ते पाहुण्यांसाठी, आणि काकू रोजच्याच.

काकांना हसून झालं असल्यास वाचकांनी आज सकाळचा चहा आपण कुठल्या कपातून घेतला, आणि घरातला चांगला कप कुणासाठी राखून ठेवला आहे, ते मंडळाला लेखी कळवावं.