टेपवाले गणपतराव

गणपतराव पहिल्यांदा आमच्याकडे चहाला आले तेव्हा त्यांनी चपला काढल्या, खिशातून मोजायचा टेप काढला आणि आधी आमचा हॉल मोजला. मग बसले. "बिल्डरनं वीतभर खाल्लीय तुमची," म्हणाले. त्या घरात मी दहा वर्षं सुखानं राहत होतो. त्या दिवसापासून मला हॉल आखूड वाटायला लागला.

गणपतराव मूळचे आमच्या चिखलीचेच. सगळी नोकरी चाकणच्या एका कंपनीत, क्वालिटी खात्यात झाली. केसभर चुकलेला पार्ट त्यांनी कधी पुढं जाऊ दिला नाही, आणि रिटायर झाल्यावरही खोड गेली नाही. मेथीची जुडी, लग्नातली भाषणं, रस्त्यातले खड्डे, सगळं तपासायचे. कुणी काही ठोकून दिलं की यांचं बोट वर. "मोजून बोला, राव!"

मी आयुष्यात कधी मोजून बोललेलो नाही. मुळात मी बोलतच नाही. साहेब दिसला की मान डोलवायची, एवढ्या एका कौशल्यावर माझी नोकरी टिकली आहे.

गेल्या वर्षी गल्लीची मिळकतकराची बिलं फुगून आली. कुणाच्या जिन्याची खोली झालेली, कुणाची मोरी दोनदा मोजलेली. मी बिल पाहिलं, घरात बसून पालिकेला चार शिव्या दिल्या आणि भरायला निघालो. गणपतरावांनी फाटकातच अडवलं.

"भरताय कुठं? चला नगरसेविकाबाईंकडं."

संपर्क कार्यालयात बाईंच्या खुर्चीत बाईंचे यजमान बसले होते. आमच्याकडे तशी रीतच पडली आहे. निवडून बाई येतात, खुर्ची यजमान सांभाळतात. मी सवयीनं वाकून नमस्कार घातला.

"बोला, काय काम?" यजमान म्हणाले.

"काम ताईंकडं हाय," गणपतराव म्हणाले.

"मी काय आणि त्या काय, एकच."

"आमी मत त्यांना दिलंय. मशिनीवर तुमचं नाव न्हवतं."

मी कोपऱ्यातला कूलर न्याहाळायला लागलो, जणू त्याच्याच दुरुस्तीला आलो होतो. गणपतराव मात्र प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसले ते बसलेच. तीन दिवस रोज डबा घेऊन यायचे आणि बसायचे. चौथ्या दिवशी बाई स्वतः आल्या. त्यांनी एकेक बिल वाचलं, यजमानांकडे न बघता कर खात्याच्या अधिकाऱ्याला फोन लावला आणि म्हणाल्या, "गल्ली पुन्हा मोजा. माझ्यासमोर."

मोजणीच्या दिवशी पुढं बाई आणि अधिकारी, त्यांच्यामागं गणपतराव टेप घेऊन आणि मागं सगळी गल्ली. खोल्यांचे पुन्हा जिने झाले. मोरी एकदाच मोजली गेली. माझ्या घरातून अधिकारी बाहेर पडतच होते, तेवढ्यात गणपतराव म्हणाले, "सायेब, वरची पत्र्याची शेड ऱ्हायली."

झालं! सगळ्या गल्लीचं बिल उतरलं, माझं तेवढं चढलं. बायको आल्यागेल्या पाहुण्यांना अजून हे सांगते.

शेवटी गणपतरावांचं घर आलं. पुढच्या खोलीला शटर, वर पाटी, 'कमल पीठ गिरणी'. गिरणी त्यांच्या बायकोची. कमलवहिनी जाऊन तीन वर्षं झाली, तेव्हापासून शटर खाली होतं. पण दप्तरी तो धंदाच, त्यामुळे गल्लीत सगळ्यात जड बिल त्यांचं. अधिकारी भला माणूस होता.

"गिरणी बंद आहे ना काका? तसं लिहितो. बिल निम्म्यावर येईल तुमचं."

गणपतरावांनी हातातला टेप ओढला, सोडला, पुन्हा ओढला.

"चालू हाय," ते म्हणाले.

केसभर चूक न सोडणारा माणूस धडधडीत खोटं बोलत होता, आणि तेही स्वतःचं बिल जड ठेवायला. अधिकाऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. "काय हो, खरंच चालू आहे?"

शेडवरून मी त्यांच्यावर चिडलेलोच होतो. पण त्यांचा चेहरा बघवेना. घरात पळालो, हाताला लागला तो गव्हाचा डबा उचलून आणला आणि म्हणालो, "चालू म्हणजे काय! हे आमचंच दळण राहिलंय." सरकारी माणसासमोर मी ठणकावून बोललेलं ते पहिलं वाक्य, आणि तेही खोटं.

शटर वर गेलं. आत धुळीचा कण नव्हता. पट्टा नवा, चाकांना ताजं तेल. दुपारी शटरमागून खुडबुड ऐकू यायची तेव्हा आम्ही हसायचो, म्हातारा आत काहीतरी मोजत बसलाय म्हणून. गिरणी पहिल्याच झटक्यात सुरू झाली. अधिकाऱ्यानं 'चालू' लिहिलं आणि तो निघून गेला.

गणपतरावांनी डबा उघडून मूठभर गहू तळहातावर घेतले.

"निवडलेले न्हाईत," ते हळूच म्हणाले. "कमलनं डबा परत धाडला असता."

आणि गहू तसेच ओतले.

संध्याकाळी पोळी दाताखाली कचकचली. बायको भडकली. "कुठल्या गिरणीतून दळून आणलंत हे?"

"कमलवहिनींच्या," मी म्हणालो.

तिनं पोळ्यांचा डबा पुढं ओढला. मग म्हणाली, "पुढच्या वेळी निवडून देते," आणि तिनं मला आणखी एक पोळी वाढली.