बादलीभर सार्वभौम माती

ब्रिटिश माती सार्वभौम असावी, याविषयी क्लिफर्ड एंट्विसल यांच्या मनात कधीच शंका नव्हती. युरोपीय संघात राहायचं की बाहेर पडायचं, असा सवाल देशाने जनतेला केला, तेव्हा लँकशायरच्या किनाऱ्यावरच्या थॉर्नवाइक गावात ‘आपली माती, आपला हुकूम’ ही पत्रकं त्यांनी स्वतः खळ लावून चिकटवली होती. एक पत्रक त्यांच्या खोपटाच्या दारावरही होतं. बंदराला लागून असलेल्या जमिनीचे तुकडे कौन्सिल गावकऱ्यांना भाजी लावायला भाड्याने देई, त्यातल्या त्यांच्या तुकड्यावर हे खोपटं होतं. आत फावडं, किटली, एक मोडकी खुर्ची आणि बायकोच्या तक्रारी ऐकू न येण्याची उत्तम सोय होती.

तुकडा क्लिफर्डच्या नावावर असला तरी राज्य डोरीनचं होतं. तिचा सगळा जीव रुबार्बवर. लालसर दांडे, मेले आंबट, पानं तर विषारी. पण साखर ओतून, वर पिठाचा चुरा भाजून, पिवळं कस्टर्ड घातलं की माणूस त्याला गोड म्हणायला तयार होतो. डोरीनच्या आईकडून आलेला तो एकच गड्डा होता. गेल्या वर्षी डोरीन गेली, तेव्हा तिच्या सांगण्यावरून तिची राख त्याच्याच मुळाशी मिसळली. “चर्चच्या आवारात माझ्या ओळखीचं कोण आहे? इथे निदान खत म्हणून उपयोगी पडेन,” असं ती म्हणाली होती. तेव्हापासून क्लिफर्ड तक्रारी ऐकायला मुद्दाम तिथे जाऊन बसत.

दरम्यान देश संघातून बाहेर पडला होता. बाहेर पडल्यावर सरकारच्या असं लक्षात आलं की बाहेर म्हटलं की दार आलं. दार आलं की दारवान आला, दारवान आला की ट्रक थांबणार, आणि ट्रक थांबायचे तर सपाट जागा हवी. थॉर्नवाइकमध्ये सपाट जागा एकच होती. यथावकाश कौन्सिलने कळवलं की राष्ट्राच्या मातीच्या रक्षणार्थ सदर माती काँक्रीटखाली घेण्यात येत आहे. गावाच्या सभेत कुणी चकार शब्द काढला नाही. पत्रकं सगळ्यांनीच चिकटवली होती, मग बोलणार कोणत्या तोंडाने?

क्लिफर्डनी गड्डा मुळांसकट, मातीसकट, डोरीनसकट उपटला आणि बादलीत ठेवला. मुलीला, गेनॉरला, फोन लावला. ती लग्न होऊन बेलफास्टला होती.

“बाबा, आईला इकडे घेऊन ये,” गेनॉर म्हणाली. “मागच्या अंगणात जागा करून ठेवलीय. बाळ यायच्या आत आण. आजी नाही तर नाही, आजीचं रुबार्ब तरी बघू दे त्याला.”

“आणतो गं. आपल्याच देशात तर आणायचंय.”

इथेच क्लिफर्डचं चुकलं. उत्तर आयर्लंड हा आपलाच देश, हे खरं. राजमुकुट तोच, पाऊस तोच. पण बाहेर पडताना जो तोडगा निघाला, त्यात मालाच्या बाबतीत त्या भागाला संघाचेच नियम लागू राहिले. म्हणजे माणसासाठी तो स्वदेश होता आणि रुबार्बसाठी परदेश. बोटीत चढण्याआधी झाडंझुडपं तपासून घ्यावी लागत, आणि त्यासाठीचं आवार तयार होतं. ते कुठे होतं, हे वेगळं सांगायला नको. क्लिफर्डच्या खोपटाच्या जागी आता तपासणीची खिडकी होती.

ठरल्या दिवशी क्लिफर्ड बादली घेऊन आवारात गेले. तिथे दुसरं कुणीही नव्हतं. तरी ‘येथे रांग लावा’ अशी पाटी दिसल्यावर ते रांगेत उभे राहिले. बराच वेळ उभे राहिले. आपल्या आधी कुणी नाही म्हणून पुढे घुसणं त्यांच्या रक्तात नव्हतं.

“पुढचा!” अखेर खिडकीतून आवाज आला. खिडकीत पिवळं जाकीट घालून ग्रेम थ्रेलफॉल बसला होता. पत्रकं लावताना शिडी धरायला हाच पोरगा होता. बाहेर पडल्यामुळे गावात नोकऱ्या येतील असं तेव्हा सांगितलं गेलं होतं, आणि त्याच्यापुरतं ते खरं ठरलं होतं.

“क्लिफकाका! काय आणलंत?”

“तुझ्या डोरीनकाकूचं रुबार्ब. पलीकडे नेतोय.”

“मुळाला माती दिसतेय. कुठली?”

क्लिफर्ड ताठ झाले. छाती पुढे काढून, समोर झेंडा फडकत असावा तसे म्हणाले, “ब्रिटिश!”

ग्रेमने कपाळाला हात लावला. “काका, हे बोलायचं नव्हतं हो! नुसतं ‘चिखल’ म्हणाला असतात तर मी दुसरीकडे बघितलं असतं. आता तुम्ही जाहीर केलंत. ब्रिटिश माती पलीकडे जात नाही. तिच्यात कीड असू शकते.”

“मागच्या वर्षीपर्यंत नव्हती कीड?”

“मागच्या वर्षीपर्यंत ती युरोपीय माती होती. ब्रिटिश झाल्यापासून संशय आहे.”

“अरे, मातीसाठीच तर आपण सगळं केलं! शिडी कोण धरत होतं?”

“म्हणून तर म्हणतो, मिळाली ना माती? आता ठेवा ती इकडे. तिकडे कशाला पाठवता?” ग्रेम समजूत घालत म्हणाला. “मुळं स्वच्छ धुवा, गड्डा खुशाल न्या.”

क्लिफर्ड खिडकीशी तोंड नेऊन हळूच म्हणाले, “ग्रेम, ती नुसती माती नाहीये रे. त्यात डोरीन आहे.”

ग्रेमचा चेहरा पडला. डोरीनकाकूच्या हातचं रुबार्ब-कस्टर्ड त्यानेही ओरपलं होतं. त्याने टोपी काढली, छातीशी धरली, आणि वरिष्ठांना फोन लावला. बोलणं लांबलं. फोन ठेवताना त्याचा चेहरा उजळला होता.

“काका, आनंदाची बातमी! अस्थी न्यायला काहीएक हरकत नाही. मृत नागरिकाला संपूर्ण मुभा आहे. फक्त काकूंना मातीतून वेगळं करून आणा.”

“वेगळं?”

“चाळून. साहेब म्हणाले, राख जितकी असेल तितकी जाईल, माती जितकी असेल तितकी राहील. मिश्र माल चालत नाही.”

“वर्षभर पाऊस पडलाय तिच्यावर. मुळं प्यायलीत तिला. आता डोरीन कुठे संपते आणि माती कुठे सुरू होते, हे तुझ्या साहेबाला कळतं का?”

“साहेबांना कळायची गरज नाही, काका. नियमाला कळतं.”

बोट सुटायची वेळ होत आली होती. गेनॉरचे दिवस भरत आले होते. क्लिफर्डनी गड्डा उचलला आणि आवारातल्या पिवळ्या रेघेच्या आतल्या नळाखाली धरला. काळी माती हातांवरून ओघळत लोखंडी जाळीत जाऊ लागली. डोरीनला कधी आंघोळीची घाई केलेली खपत नसे, हे त्यांना आठवलं, आणि म्हातारा तिथेच नळाखाली रडला. ग्रेमने खिडकीतून नजर वळवली. तेवढं त्याला नियमात बसवता आलं.

जाळीपाशी मूठभर माती अडली होती. ती निदान गावात तरी ठेवावी म्हणून क्लिफर्ड बादलीत भरायला वाकले, तसा ग्रेम ओरडला, “काका, हात लावू नका! तुम्ही पिवळ्या रेघेच्या आत आहात. आतली जागा कागदोपत्री पलीकडची धरतात. ती माती आता परदेशी. ती गावात न्यायची म्हणजे आयात झाली!”

“अरे गाढवा, ही माझीच जागा आहे! इथेच होता हा गड्डा! तू बसलायस तिथे माझी खुर्ची होती!”

“होती ना,” ग्रेम म्हणाला. “आता नाही.”

अशा रीतीने डोरीन एंट्विसल ज्या जमिनीत होत्या त्याच जमिनीत, काँक्रीटखालच्या गटारात परत गेल्या. फरक इतकाच, की त्या आता परदेशात होत्या.

बोटीत क्लिफर्ड दोन्ही मुठी आवळून बसले. चहा घेतला नाही, सँडविच उघडलं नाही. उतरताना दाराशी एक हसतमुख बाई सगळ्यांच्या तळहातावर जंतुनाशक घालत होती. क्लिफर्डनी हात खिशात कोंबले आणि आयुष्यात पहिल्यांदा रांग मोडून पुढे गेले. मागून कुणीतरी च्यक् च्यक् केलं. ते लागलं त्यांना, पण हात बाहेर काढले नाहीत.

गेनॉरने बापाला मिठी मारली. पोट मध्ये आलं. “बाबा, जा, हात धुऊन घे. पान मांडलंय.”

क्लिफर्ड मोरीकडे गेले नाहीत. मागच्या अंगणात गेले. खड्ड्यात गड्डा ठेवला, त्यावर हात धरले आणि म्हणाले, “पाणी घाल. हळू.” गेनॉर तांब्याने धार धरत राहिली आणि क्लिफर्ड काडीने एकेक नख कोरत राहिले. नखांतून काळा काळा मळ मुळांवर पडला. एवढी डोरीन पोचली होती. नखं तपासण्याचं सरकारला अजून सुचलं नव्हतं.

गेनॉरला सगळं कळलं तेव्हा तीही रडली. मग डोळे पुसून तिने विचारलं, “बाबा, खरं सांग. उद्या पुन्हा मत द्यायला सांगितलं, तर कुठे देशील?”

“तिथेच,” क्लिफर्ड ताबडतोब म्हणाले.

“एवढं होऊनही?”

“अगं, दुसरीकडे दिलं तर आधी माती खाल्ली होती असा अर्थ होईल ना त्याचा! गाव काय म्हणेल?”

एवढं बोलून त्यांनी ओल्या हाताने सवयीप्रमाणे मिशी पुसली. वरच्या ओठावर काळी रेघ उमटली, आणि ती तशीच घेऊन ते जेवायला बसले. गेनॉरने पाहिलं आणि वाढायला घेतलं.

तुम्हाला हसू आलं असेल. अवश्य हसा. फक्त हसण्याआधी, तुम्ही शेवटचं मत कुठे दिलं होतं ते आठवा, आणि ओठ एकदा आरशात बघून घ्या.